पाच दिवस एसी, दोन दिवस बंद

लाकूड मोडायच्या आधी बोलतं. यंत्रात आडवं ठेवून वरून दाब वाढवत नेला की आधी बारीक कुरकुर ऐकू येते, मग एकेक तंतू तुटल्याचा आवाज, आणि शेवटी खालच्या बाजूने ते फाटतं. फाटलेली जागा केसाळ असते, हाताला टोचते. त्या मंगळवारी दुपारी माझ्यासमोरचा तुकडा असा फाटलाच नाही. काही न बोलता 'फट्' असा एकच कोरडा आवाज झाला आणि मधला थर खालच्या थरावरून सरकला. लाकडाला काहीही झालं नव्हतं. दोन थरांमधला गोंद सुटला होता.

आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र साठीच्या घरातले एक चिनी गृहस्थ चालवायचे. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मीही. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "गर्ल, वुड ओके. ग्लू फिनिश."

मी त्या संशोधन केंद्रात तेव्हा चौथं वर्ष काढत होते. माझं काम थरांच्या लाकडावर होतं. फळ्या एकीवर एक आडव्या-उभ्या रचून, गोंद लावून, प्रचंड दाबाखाली चिकटवतात आणि त्यातून भिंतीएवढी, अख्ख्या स्लॅबएवढी पॅनेल्स तयार करतात. ती जोडून शाळा, ऑफिसं, वसतिगृहं उभी राहतात. सिमेंट आणि लोखंड कमी लागतं, साइटवर धूळ उडत नाही, काम झपाट्याने होतं. हे ऐकून लोक हसायचे. "लाकडाची बिल्डिंग? तीही सिंगापुरात? वाळवी खाऊन टाकेल." लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी हसायचे, गणपतीला जमणारी मराठी मंडळी हसायची, दोन-तीन सिव्हिल इंजिनिअरसुद्धा हसले. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचे. चिडून नाही, पण सोडायचेही नाही.

लाकडावर माझा जीव का, हे सांगायचं तर बल्लारपूरला जावं लागेल. माझे वडील तिथे एका आरागिरणीत हमाल म्हणून लागले. सुतारांच्या शेडमध्ये त्यांच्या हातात कोणी पटाशी दिली नसती. गिरणीत ती त्यांनी स्वतःच उचलली, जेवणाच्या सुट्टीत, टाकाऊ तुकड्यांवर हात बसवत. मी आठवीत असेपर्यंत ते दारंखिडक्या बनवायला लागले होते. सागाचा तुकडा नाकाशी धरून तो किती वाळलाय हे ते सांगायचे. मी पुढे नागपूरला इंजिनिअरिंग केलं, मग मुंबईत एम.टेक., आणि लग्नानंतर सिंगापूर. नवरा मरीन इंजिनिअर, चार-पाच महिने जहाजावर, मग दोन-तीन महिने घरी. दहा वर्षांची मुलगी आणि मी वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मुलीचा इथला मुक्काम माझ्या नोकरीच्या पासवर, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्यावर होता. माझं कंत्राट डिसेंबरपर्यंत होतं. हे दोन्ही पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

आमच्या प्रकल्पात एक कंपनी भागीदार होती. तिने पॅनेल्ससाठी नवा गोंद आणला होता, लवकर वाळणारा. तो दमट हवेत कसा टिकतो हे आम्ही पाहायचं होतं. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे निम्मे तुकडे मी एका चेंबरमध्ये ठेवले. तिथे उष्णता आणि दमटपणा मानकात लिहिल्याप्रमाणे अगदी संथपणे वर-खाली होतो. पण उरलेल्या तुकड्यांसाठी मी एक वेगळा क्रम आखला. सिंगापूरची ऑफिसं सोमवार ते शुक्रवार एसीत गारठलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद होतो आणि शनिवार-रविवार बाहेरची ओली हवा आत मुरते. सोमवारी सकाळी पुन्हा गारठा. लाकूड दर आठवड्याला फुगतं आणि दर आठवड्याला आकसतं. आडव्या फळीला एका दिशेने जायचं असतं, उभीला दुसऱ्या. दोघींमध्ये अडकून गोंद ओढला जातो. म्हणून मी दुसऱ्या चेंबरला तसंच चालवलं: पाच दिवस कोरडं गार, दोन दिवस ओलं गरम. एकातून दुसऱ्यात जायचा वेळ तेवढा कमी केला, म्हणजे ओढाताण तीव्र होऊन काही वर्षांचा परिणाम काही महिन्यांत दिसावा. प्रकल्पप्रमुखांनी त्या वेळी मान डोलावून सही केली होती.

पहिल्या चेंबरमधले सहाही तुकडे व्यवस्थित फाटले, केसाळ, जसे फाटायला हवेत तसे. दुसऱ्या चेंबरमधल्या सहांपैकी चार गोंदाच्या रेषेवर सुटले.

प्रकल्पप्रमुखांना आम्ही प्रोफ म्हणायचो. शांत, सभ्य माणूस. मला कामावर घेताना पाच उमेदवारांमधून त्यांनी मला निवडलं होतं आणि हे ते कधी बोलून दाखवत नसत. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, मग खुर्चीत मागे टेकले.

"हे चार तुकडे चेंबरच्या दारापाशी होते का?"

"नाही. दोन दारापाशी, दोन मागे. जागा दर आठवड्याला बदलत होते. सगळं लिहून ठेवलंय."

"तुझा हा वीकेंडचा क्रम कुठल्याही मानकात नाही."

"मानकात नाही. पण सिंगापुरात आहे."

ते हसले, पण पुढचं बोलणं हसून केलेलं नव्हतं. कंपनी दुसऱ्या टप्प्यासाठी पैसे देणार आहे की नाही हे याच अहवालावर ठरणार होतं. मानकाप्रमाणे केलेल्या सहा चाचण्या अहवालात ठेवायच्या आणि वीकेंडच्या सहा 'प्राथमिक स्वरूपाच्या, पुढील अभ्यासासाठी' म्हणून बाजूला ठेवायच्या, असं त्यांनी सुचवलं. बाजूला म्हणजे कुठे, मी विचारलं. ते म्हणाले, "आपल्याकडे." म्हणजे कपाटात.

मी म्हटलं, "मी विचार करते." खरं तर विचार करायचं काही उरलं नव्हतं. मला फक्त खोलीबाहेर पडायचं होतं, कारण आवाज चढला असता.

पुढच्या आठवड्यात तांजोंग पगारला कंपनीच्या ऑफिसात बैठक होती. तिथला तांत्रिक व्यवस्थापक मराठी होता, पुण्याचा. आमची ओळख दोन वर्षांची. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं होतं, "गाव कुठलं?" मी बल्लारपूर सांगितलं. "आणि आडनाव?" मी सांगितलं. "हो, पण म्हणजे मूळ?" मी म्हटलं, "मूळसुद्धा बल्लारपूरच." त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही, पण गणपतीच्या आरतीला आम्हाला बोलवायचंही तो एकदा विसरला, आणि एकदा त्याने मुद्दामच बोलावलं नाही, हे नंतर कळलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोलायचो.

त्या दिवशी बैठक संपल्यावर मात्र तो मला कॉफी मशीनपाशी गाठून मराठीत सुरू झाला.

"मॅडम, एक मिनिट. मोकळेपणाने बोलू का?"

"बोला ना."

"ते वीकेंडचं प्रकरण तुम्ही फार ताणताय. आमच्या गोंदाला युरोपात सर्टिफिकेट मिळालंय."

"युरोपात रविवारी एसी बंद केला तर खोलीत दमट हवा शिरत नाही. इथे शिरते."

"अहो, ते ठीक आहे. पण बघा, परदेशात आपल्या माणसांनी आपल्या माणसांना सांभाळून घ्यायचं असतं. या प्रोजेक्टवर माझंही बरंच काही अवलंबून आहे."

मी कप खाली ठेवला. "आपली माणसं म्हणजे कोण?"

"म्हणजे... आपण मराठी."

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला 'मूळ' विचारलंत, तेव्हा मी आपली नव्हते. आज गोंद सुटला तर आपली झाले?"

तो गोरामोरा झाला. "तुम्ही भलतीकडे नेताय विषय."

"मग विषय जागेवर आणते. त्या पॅनेलच्या स्लॅबवर उद्या कोणाचं तरी टेबल असेल, खाली कोणाची तरी खुर्ची असेल. ती माणसंही मला आपलीच वाटतात. अहवालात बाराही तुकडे जातील."

मी इतकं स्पष्ट बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. पण पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही.

घरी आल्यावर भीतीने गाठलं. मुलगी टेबलावर गणित सोडवत होती. मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं, की आईला एक गोष्ट लपवायला सांगतायत, आणि नाही लपवली तर कदाचित डिसेंबरनंतर आपल्याला इथून जावं लागेल. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे माझी स्कूल पण?"

"कदाचित."

मग इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, "बट आई, तू टेस्ट केलीस ना? देन इट हॅपन्ड लाह. कसं लपवणार?" आणि लगेच, रडवेल्या आवाजात, "पण मला जायचं नाहीये."

मी तिला जवळ घेतलं. तिची दोन्ही वाक्यं खरी होती आणि मला दोन्ही पेलायची होती.

नवऱ्याचं जहाज तेव्हा कुठल्यातरी बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. त्याचा फोन आला की तो माझ्या बाजूने ठाम उभा राहील असं मी धरून चालले होते. तो राहिला नाही. "तू एकटीच का लढतेस?" तो म्हणाला. "प्रोफला सही करू दे. तू तुझ्या वहीत खरं लिहून ठेव आणि गप्प बस. चार महिन्यांनी मी आलो की बघू."

"तुझ्या इंजिनात बेअरिंग गरम होत असलं तर तू लॉगबुकात काय लिहितोस?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

रेंज गेली. खरंच गेली की त्याने फोन ठेवला, ते मी पुढे कधी विचारलं नाही.

मला एक गोष्ट मात्र मान्य होती. चार तुकड्यांवरून आरोप करायचा तर तो पक्का हवा. एकदा असंही वाटून गेलं, की चेंबरमध्येच काही चुकलं असेल. म्हणून मी ठरवलं, त्याच पॅनेल्सचे नवे तुकडे कापायचे, न वापरलेले, आणि गोंदाची रेषा उघडून पाहायची. ही चाचणी जुनी आणि सरळ आहे. थरांच्या सांध्यात पटाशी ठोकायची. गोंद चांगला असेल तर सांधा उघडतच नाही, बाजूचं लाकूड फाटतं आणि दोन्ही तोंडांवर तंतू दिसतात. गोंद कच्चा असेल तर सांधा स्वच्छ उघडतो.

वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला मुलीला शेजारणीकडे सोडून सकाळी मी सामूहिक वंदनेला गेले आणि तिथून थेट प्रयोगशाळेत. परवानगी आधीच काढली होती. अंकल माझ्यासाठी आले होते. एकट्या माणसाला करवत चालवू द्यायची नाही असा नियम होता, आणि नियमापेक्षा त्यांना उत्सुकता जास्त होती. माझी पांढरी साडी पाहून ते थबकले.

"यू बुद्धिस्ट? इंडियन, बुद्धिस्ट?"

"आजोबांच्या वेळी झालो. जन्माने नाही, ठरवून."

त्यांनी मान हलवली. "माझी बायको आज सकाळी देवळात गेली. मी गेलो नाही. मी आळशी बुद्धिस्ट." मग त्यांनी मला एप्रन दिला आणि आम्ही कामाला लागलो.

पहिला तुकडा मी पकडीत घट्ट बसवला, पटाशी सांध्यावर टेकवली, हातोडी मारली. वडिलांनी शिकवलं होतं की पटाशी मुठीत आवळायची नाही, नुसती धरायची, म्हणजे ती कुठे जायचं ते सांगते. तिसऱ्या घावाला सांधा उघडला. मी दोन्ही बाजू खिडकीच्या उजेडात धरल्या. एकावरही तंतू नव्हता. गोंद काचेसारखा चकाकत होता, लाकडात शिरलाच नव्हता. तो फळीत मुरायच्या आधीच वाळला होता. कारखान्यात वेळ वाचवायला जो गुण होता, तोच इथे घात करत होता.

आम्ही दहा तुकडे उघडले. सहा असे चकचकीत, चार केसाळ. एकाच पॅनेलमधले काही चांगले, काही वाईट, म्हणजे गोंद लावल्यापासून दाब देईपर्यंत कुठे वेळ जास्त गेला होता, कुठे कमी. मानकाच्या संथ क्रमात कच्चा सांधासुद्धा तग धरत होता, दर आठवड्याच्या ओढाताणीत नाही. अंकल प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून त्यावर क्रमांक लिहीत होते. शेवटी म्हणाले, "प्रोफ नो लाइक."

"मला माहीत आहे."

"बट प्रोफ नॉट ब्लाइंड."

ते खरं ठरलं, अर्धंमुर्धं. दुसऱ्या दिवशी मी दहाही तुकडे ट्रेमध्ये घालून प्रोफच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यांनी एक चकचकीत तुकडा उचलला, अंगठ्याने घासला, नखाने खरवडला. गोंदाची पापडी सुटून टेबलावर पडली.

"हे बाहेर गेलं की त्यांचे पैसे जातील," ते म्हणाले. "आणि मग तुझं कंत्राट मला वाढवता येणार नाही. धमकी नाही ही. फक्त सांगतोय."

"मला धमकी वाटली नाही. पण माझं नाव असलेल्या अहवालात बारा तुकडे असतील. सहाच घालायचे असतील तर माझं नाव काढा, आणि का काढलं ते मी विचारणाऱ्याला सांगेन."

त्यांनी नाव काढलं नाही. दोन आठवडे आम्ही शब्दांवरून भांडलो. त्यांना 'अपयश' नको होतं, 'कामगिरीतील घट' हवी होती. मी म्हटलं, सरकलेल्या थराला घट म्हणत नाहीत. शेवटी ठरलं: 'गोंद सुटला.' साधं विधान, कोणाच्याही बाजूने नाही. बाराही तुकडे अहवालात गेले, पटाशीचे दहा फोटोही गेले, आणि खाली पहिली सही त्यांची होती. ती करताना त्यांचा चेहरा आंबट होता, पण त्यांनी ती केली, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते.

कंपनीने दुसऱ्या टप्प्यातून अंग काढून घेतलं. पुण्याच्या गृहस्थाने मला एक लांबलचक, अत्यंत नम्र ईमेल पाठवला आणि त्यात एकदाही माझं नाव लिहिलं नाही. डिसेंबरमध्ये माझं कंत्राट संपलं. त्याआधीचे तीन महिने मी रोज अर्ज करत होते, आणि मुलाखतीत लोक विचारायचे, "जुनी नोकरी का सुटली?" पहिल्या दोन ठिकाणी मी गुळमुळीत काहीतरी सांगितलं आणि घरी येऊन स्वतःवर चरफडले. तिसऱ्या ठिकाणी अहवालच टेबलावर ठेवला. "यामुळे," म्हटलं. ती बाई इमारतींची तपासणी करणारी एक छोटी फर्म चालवायची. तिने पटाशीचे फोटो पाहिले आणि विचारलं, "शिडी चढता येते का?" डिसेंबर संपायच्या आत नवीन पास आला. मुलीची शाळा वाचली. नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याने पहिल्यांदा अहवाल पूर्ण वाचला, आणि भांडी घासायला घेतली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी एका परिसंवादात एक सल्लागार पडद्यावर माझाच फोटो घेऊन उभा राहिला. तो चकचकीत, उघडा सांधा. "म्हणून," तो म्हणाला, "या हवेत लाकूड हा मूर्खपणा आहे. काँक्रीटला पर्याय नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "मी तर आधीपासून सांगत होतो."

मी हात वर केला. माईक यायची वाट पाहिली नाही.

"हा फोटो मी काढायला लावला," मी म्हणाले. "आणि तो तुम्ही अर्धाच वाचलाय. यात लाकूड सुटलेलं नाही, गोंद सुटलाय. एक विशिष्ट गोंद, घाईने लावलेला. त्याच्याच शेजारच्या पानावर चार सांधे आहेत जे मी पटाशीने उघडू शकले नाही. ते का दाखवले नाहीत?"

तो म्हणाला, वेळ कमी होता.

"काँक्रीट निकृष्ट निघालं तर आपण सिमेंटवर बंदी घालत नाही, ते ओतणाऱ्याला जाब विचारतो. लाकडालाही तेवढाच न्याय द्या."

एका बाजूच्या लोकांनी मला लाकडाची शत्रू ठरवलं होतं, आता दुसऱ्या बाजूच्यांना मी लाकडाची वकील वाटत होते. दोघांनाही मी नकोशी होते. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. मी खाली बसले आणि पाणी प्यायले.

जेवणाच्या वेळी एका शाळेच्या मुख्याध्यापिका मला शोधत आल्या. त्यांच्या शाळेच्या अंगणावर लाकडी छत होतं, आणि परिसंवाद ऐकून त्यांची झोप उडाली होती. शनिवारी मी तिथे गेले. शिडीवर चढून ओलावा मोजायचं यंत्र प्रत्येक सांध्याला लावत, ठोकून ऐकत, सबंध सकाळ काढली. खाली त्या हात जोडून उभ्या होत्या.

"मग? उतरवून टाकू का सगळं?"

"नाही," मी वरूनच म्हणाले. "पन्हाळीजवळचे तीन सांधे बदला, पन्हाळी दुरुस्त करा. बाकीचं छत उत्तम आहे. कोणी पाडायला सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा."